खालच्या ओळीतल्या फुल्या

शनिवार, १३ सप्टेंबर. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. पिशोरच्या पलीकडं असलेल्या खालच्या वाडीच्या शाळेत कवायत सुरू होती. सगळ्यांच्या पुढं उभी राहून हुकूम देणारी सहावीतली तनुजा चौथ्या हुकमानंतर थांबली आणि पाचवा न देताच मातीत पडली.

मागच्या रांगेतली पोरं आधी हसली. मग कुणीतरी ओरडलं, "मोठी माय, तनी पडली!"

खिचडीच्या खोलीतून कडूबाई पळत आली. शाळेची खिचडी तीच शिजवते. ती तनुजाची चुलती. पोरीचा बाप मोतीराम आणि आई बिडकीनकडं बांधकामावर राहतात. पोरगी वाडीत कडूबाईजवळ असते आणि तिला मोठी माय म्हणते. वाडीतली सगळी पोरंही तिला तेच म्हणतात. कडूबाईनं पदराची गाठ सोडली, चिमूटभर साखर बोटावर घेतली आणि तनुजाच्या हिरड्यांना आतून चोळली. पोरगी डोळे उघडे ठेवून होती, पण ओळख देत नव्हती. बारा मिनिटांनी ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "हुकूम कुणी पुरा केला?"

कुणीच केला नव्हता. कवायत मोडली होती.

मुख्याध्यापक कारभारी सरांनी त्याच दिवशी एक पत्र लिहिलं. विद्यार्थिनीला शाळेत पाठवायचं असेल तर पालकांपैकी एकानं पूर्ण वेळ तिच्याजवळ बसावं. तशी सोय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत न झाल्यास तिनं घरी राहून अभ्यास करावा. हुकूम देण्याचं काम तिच्याकडून तूर्त काढून घेण्यात येत आहे. खाली सही, शिक्का.

कारभारी सर वाईट माणूस नव्हते. दोन महिन्यांत पोरगी त्यांच्या डोळ्यांदेखत पाचदा पडली होती, आणि दर वेळी त्यांचे हातपाय तिच्याआधी गार पडले होते.

*

मंगळवारी ते पत्र शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात, लहान मुलांच्या ओपीडीत, रूपाच्या टेबलावर आलं.

रूपा तिथली स्टाफ नर्स. चौदा वर्षं वॉर्डात काढल्यावर ती एम.एस्सी. नर्सिंगला बसली होती. नोकरी सांभाळून करायचा तिचा प्रबंध होता 'टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या मातांचे गृह-काळजीविषयीचे ज्ञान'. असे प्रबंध दर वर्षी होतात. मातांना तीस प्रश्न विचारायचे, गुण द्यायचे, एक माहितीपुस्तिका वाटायची, पुन्हा तेच तीस प्रश्न विचारायचे. गुण वाढतात. निष्कर्ष लिहून होतो. रूपानं त्यात स्वतःच्या हौसेनं एक भर घातली होती. एकेचाळीस मुलांना तिनं नव्वद दिवसांची एकेक वही दिली होती. सकाळची साखर, रात्रीची साखर, इन्सुलिन किती, आणि शेवटचा रकाना 'आज काय झालं?' तो मुलांनी स्वतः भरायचा. मुलं तिथं काहीही लिहीत. 'हात थरथरले.' 'घाम आला, गोळी खाल्ली.' 'काही नाही, मांजर व्याली.'

"बाई, हे वाचा," कडूबाई म्हणाली. तनुजा शेजारी मान खाली घालून उभी होती.

रूपानं पत्र वाचलं. मग कडूबाईची जुनी उत्तरपत्रिका काढली. तीसपैकी सव्वीस. एकेचाळीस जणींत दुसरा नंबर. इंजेक्शन कुठं द्यायचं, किती वेळात खाऊ घालायचं, साखर उतरली तर काय करायचं, सगळं बरोबर.

"कडूबाई, इंजेक्शननंतर अर्ध्या तासात खायला देता ना?"

"देते ना. आतापर्यंत किती बारी विचारलं तुम्ही?"

"मग पडते कशी?"

"ते तुम्ही सांगायचं का मी?" कडूबाईनं पदर सारखा केला. "एक बोलू का? हसू नका. आम्ही बाबासाहेबांची माणसं. शनी-बिनी, बाहेरचं-बिहेरचं आम्ही मानत नाय. पर पोरगी शनिवारीच पडती. हे मी डोळ्यानं बघितलंय."

रूपाही बौद्ध घरातली, बिडकीनचीच. लहानपणी शेजारच्या बाया शनिवारी तेल ओतायला निघाल्या की तिची आई दार लावून घ्यायची. तिला हसू आलं नाही, पण तिनं लिहूनही घेतलं नाही. तिच्या पत्रकात वाराला जागाच नव्हती. तिनं रकाना भरला: 'दिवस ६१. बेशुद्धीसदृश अवस्था. घरगुती उपचार.' आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

दाराशी पोचलेली तनुजा परत फिरली. "सिस्टर, मला घरी बसवतील का?"

"नाही."

"दिवाळीपर्यंत म्हणलेत."

"मी रविवारी येते वाडीला. तुमच्या घरी यायचंच होतं मला."

*

रविवार, २१ सप्टेंबर. घरभेट हाही संशोधनाचा भाग होता; इन्सुलिन कुठं ठेवतात ते प्रत्यक्ष बघायचं. कडूबाईनं ते माठाशेजारच्या लहान मडक्यात, ओल्या वाळूवर, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं होतं. रूपानं बरोबरची खूण केली. तपासायचं ते संपलं. चहा उकळत होता.

दारामागं भिंतीवर कॅलेंडर होतं. मराठी घरात असतं तसंच, डाव्या हाताला वर रविवार आणि खाली उतरत उतरत शनिवार. सप्टेंबरच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. एक गोल, एक छोटी रेघ, आणि दोन फुल्या.

"हे काय आहे, कडूबाई?"

"गोल म्हणजे सिलिंडर लावला. रेघ म्हणजे इन्सुलिनची नवी बाटली उघडली. आन् फुली म्हणजे तनी."

"आणि ही बारकी फुली?"

"कालची. काल पडली नाय. सरांनी कवायतीला उभंच केलं नाय तिला. लिंबाखाली बसवलं होतं. तरी घामानं भिजली, हात थरथरले. म्हणून बारकी."

दोन्ही फुल्या सगळ्यात खालच्या ओळीत होत्या.

रूपानं पान उलटलं. ऑगस्ट. तीन फुल्या खालच्या ओळीत, एक मधेच बुधवारी.

"बुधवारी ताप होता," कडूबाई चुलीकडूनच म्हणाली.

जुलै. तनुजा वही भरायला लागल्यापासूनचे दोन शनिवार, दोन फुल्या. त्यातली एक बारकी.

खालच्या ओळीत काही घरं रिकामी होती. ९ ऑगस्ट, १६ ऑगस्ट, ६ सप्टेंबर. रूपानं तारखांवर बोट ठेवलं. राखी. गोपाळकाला. गणपती विसर्जन. तिन्ही दिवशी शाळेला सुट्टी.

"तनुजा, इकडं ये. शनिवारी शाळा किती वाजता भरते?"

"सव्वासातला. शनिवारी सकाळची असते ना."

"आणि इतर दिवशी?"

"दहाला."

"मग शनिवारी इंजेक्शन कधी?"

उत्तर कडूबाईनं दिलं. "सहाला, सव्वासहाला. एरवी नवाला देते, वरून भाकरी, वरण, पोटभर. शनिवारी एवढ्या सकाळी हिच्या घशाखाली घास उतरत नाय. चहा आन् अर्धी भाकरी. तीपण मी डोळे वटारले तर."

"आणि खिचडी?"

"शनिवारी शाळा सुटताना. सव्वाअकराला."

रूपानं हिशेब मांडला. सव्वासहाला रोजच्याइतकंच इन्सुलिन. पोटात अर्धी भाकरी. नऊला मैदानावर कवायत. सव्वाअकरापर्यंत पोटात काही नाही. तीस प्रश्नांच्या यादीत 'इंजेक्शननंतर अर्ध्या तासात खाऊ घालावे' होतं. कडूबाई खाऊ घालतच होती. शनिवारी काय होतं, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. चार वर्षं इन्सुलिन घेणाऱ्या पोरीला दवाखान्यानं नाही, आणि दोन महिने वही तपासणाऱ्या रूपानंही नाही.

"कडूबाई, हे कॅलेंडर मला द्याल?"

"वर्ष संपू द्या की. सिलिंडरचं कळायचं कसं मला?"

रूपानं मोबाइलवर तिन्ही पानांचे फोटो काढले. चहा निवून गेला होता. तो तिनं तसाच प्यायला.

*

प्रबंधाची मुदत नोव्हेंबरअखेर होती. रूपानं एकेचाळीस वह्या पुन्हा उघडल्या. प्रत्येक वहीत 'दिवस १' ते 'दिवस ९०' असे आकडे होते. कुणाचा पहिला दिवस मंगळवारी, ओपीडीत. कुणाचा वॉर्डातून सुट्टी झाली त्या गुरुवारी. कुणाचा शिबिरात, रविवारी. त्यामुळं एकाचा पाचवा दिवस शनिवार, तर दुसऱ्याचा तिसरा. तक्त्यात सगळे शनिवार एकमेकांत मिसळून नाहीसे झाले होते. पुंडलिकनगरातल्या आपल्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्यावर वह्या पसरून, तिनं प्रत्येक दिवसापुढं वार लिहायला घेतला. तीन संध्याकाळी गेल्या.

साखर उतरल्याच्या नोंदी एकूण १२६. सातही वारांना सारख्या वाटल्या असत्या तर शनिवारच्या वाट्याला अठरा आल्या असत्या. आल्या होत्या चौऱ्याहत्तर.

बुधवारी ती मीनाक्षी मॅडमपुढं बसली. मॅडम तिच्या मार्गदर्शक. त्यांच्या हाताखालून तेहतीस प्रबंध गेले होते आणि एकातही स्वल्पविराम चुकलेला नव्हता, असं कॉलेजात बोललं जाई. त्यांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. मग कपाटातून रूपाच्या पत्रकाचा पहिला मसुदा काढला. त्यात 'वार' असा एक रकाना होता. त्यावर लाल शाईची आडवी रेघ होती आणि बाजूला मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: 'अनावश्यक. दिवस-क्रमांक पुरेसा.'

"हा मी खोडला होता," मॅडम म्हणाल्या.

रूपानं मसुदा हातात घेऊन ती रेघ नीट बघितली.

"बोल ना. तोंडावर सांगायची हीच वेळ आहे, पुन्हा मिळणार नाही."

"मॅडम, मीही हट्ट धरला नाही. आणि कडूबाईंनी सांगितलं तेव्हा लिहूनसुद्धा घेतलं नाही."

"म्हणजे दोघीही तीसपैकी नापास." मॅडमनी चष्मा काढला. "प्रबंधाचं नाव बदलावं लागेल. समितीची नव्यानं परवानगी घ्यावी लागेल, ती मी बघते. मुदत मात्र बदलणार नाही. डॉक्टरांकडं गेलीस?"

डॉक्टर मंदार मधुमेहाची ओपीडी चालवत. हुशार, भरभर बोलणारा माणूस. तक्ता बघून त्यांनी खुर्ची मागं रेटली.

"सिस्टर, शनिवारी अर्ध्या जिल्ह्याला मारुतीचा उपवास असतो. पोरं उपाशी राहत असतील."

"विचारलं, सर. सकाळची शाळा असलेली एकोणतीस मुलं आहेत. चार घरांत उपवास असतो. मुलांना कुणीच धरू देत नाही."

"मग कवायत. व्यायामानं साखर उतरते, यात नवीन काय?"

"तनुजा वीस तारखेला झाडाखाली बसून होती. तरी उतरली."

"एकाच मुलीवरून सांगू नका."

"नऊ मुलांना शनिवारी शाळाच नसते. सगळी शहरातली. त्यांच्या सतरा नोंदी आहेत. शनिवारच्या दोन." त्यांतल्याच एका मुलीची, स्वरालीची आई चारुता रूपाच्याच गल्लीत राहायची. शनिवारबद्दल विचारल्यावर चारुता फोनवर हसत सुटली होती: 'शनिवारी? शनिवारी नऊपर्यंत लोळत असते बाईसाहेब!' रूपानं ते डॉक्टरांना सांगितलं नाही.

डॉक्टर मंदार आता तक्ता हातात धरून होते. "तरीही हे योगायोगानं असू शकतं. शनिवारी आणखी काही असेल. बाजार असेल, पाहुणे असतील. शनिवारातच दोष आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"शनिवारात काही नाही, सर. दोष सकाळच्या शाळेत आहे."

"दोन्ही एकाच दिवशी येतात. वेगळं कसं करणार?"

हा प्रश्न बरोबर होता. रूपाला तो दिवसभर टोचत राहिला. संध्याकाळी तिनं उरलेल्या तीन वह्या पुढं ओढल्या. एकोणतीस आणि नऊ अडतीस. ही तीन मुलं शहरातल्या एकाच उर्दू शाळेतली होती. त्यांच्या अकरा नोंदी, आणि शनिवारची फक्त एक. शाळा तर शनिवारी असते. मग ती का पडत नाहीत?

तिनं एका मुलाच्या आईला फोन लावला.

"शनीचर को?" बाई म्हणाली. "नै सिस्टर. हमारा बच्चा जुम्मे को घबराता. हाथां कांपते, पसीना आता. मैं बोली नमाज का टैम है, धूप में खडा हुआ होयेंगा."

"जुम्मे को शाला कब रहती?"

"सुबा की रैती ना जुम्मे को. बाकी के दिनां बारा बजे की."

रूपानं वारांवर बोट फिरवलं. अकरापैकी सात शुक्रवारी.

दुसऱ्या दिवशी तिनं फक्त तेवढा एक कागद डॉक्टर मंदारांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिली. ते वाचून त्यांनी पहिल्यांदाच सावकाश वाक्य उच्चारलं.

"मी या पोरांना सहा वर्षं तपासतोय. दर वेळी आयांना बोललो असेन, की तुमचं लक्ष नसतं."

"मीही बोललेय, सर. वाकड्या शब्दांत नाही, पण पुस्तिका देऊन."

त्याच दुपारी त्यांनी एकोणतीस अधिक तीन, अशा बत्तीस मुलांचे कागद मागवले. सकाळच्या शाळेच्या दिवशी इन्सुलिन किती कमी करायचं ते प्रत्येकाच्या वजनाप्रमाणं लिहिलं, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ: 'इंजेक्शननंतर अडीच ते तीन तासांच्या आत शाळेत खाणं आवश्यक.' आता हे खाणं शाळेनं देऊ द्यायला हवं होतं.

*

सोमवार, २९ सप्टेंबर. कारभारी सरांच्या खोलीत रूपा, कडूबाई आणि दाराच्या फटीतून अर्धी दिसणारी तनुजा.

सरांनी डॉक्टरांचा कागद वाचला. "डबा आणू द्या की. माझं काय जातंय?"

"डबा ती उघडत नाही, सर," रूपा म्हणाली. "मी विचारलं तिला. बाकीच्या पोरांसमोर एकटीनं खायची लाज वाटते. तास चालू असतो. म्हणून म्हणते, शनिवारची खिचडीच कवायतीच्या आधी द्या. साडेआठला. सगळ्यांनाच."

सर असे दचकले, जणू कुणी शाळेला कुलूप लावायला सांगितलंय.

"तुम्ही शहरातल्या. तुम्हाला ठाऊक नाय. शनिवारी खिचडी सुटताना का देतो? पोरं थांबावीत म्हणून. साडेआठला पोट भरलं की पावणेनवाला मैदान रिकामं. एकेक ओढ्याच्या वाटंनं पसार. मग मी कवायत कुणाची घेऊ, लिंबाच्या झाडाची?"

"झाड बरं, पडत तरी नाय," कडूबाई म्हणाली.

"कडूबाई, तुम्ही मधे बोलू नका."

"का नको? खिचडी शिजवतं कोण? आठवड्यातून एकदा पोरांना केळं मिळतं, ते तुम्ही बुधवारी देता. ते शनिवारी द्या, सुटताना. खिचडी आधी, केळं शेवटी. केळ्यासाठी पोरं कवायत दोनदा करतील."

रूपाला हे सुचलं नसतं.

"आन् साडेआठला खिचडी द्यायची म्हणजे तुम्हाला सहाला यावं लागंल," सर म्हणाले.

"मी पाचला उठते. तनीच्या आधी दोन म्हशी उठवते."

"आणि तरी पडली तर? जबाबदारी कुणाची?"

रूपानं पिशवीतून एक छोटा डबा काढला. आत साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या. "कवायतीच्या आधी ती स्वतः साखर बघेल. नव्वदच्या वर असेल तरच उभी राहील, नाहीतर गोळी खाऊन बसेल. तुम्ही फक्त आकडा वहीत लिहायचा आणि सही करायची. पहिला शनिवार मी इथं असेन."

"दिवाळीपर्यंत दोनच शनिवार आहेत," कारभारी सर म्हणाले. "दोन देतो. एकदाही पडली, तर माझं पत्र कायम."

दाराच्या फटीतून आवाज आला. "सर, हुकूम?"

"आधी उभी राहा. हुकमाचं नंतर बघू."

*

शनिवार, ४ ऑक्टोबर. कडूबाई तनुजाला आणि इन्सुलिनच्या डबीला बरोबर घेऊनच पावणेसहाला शाळेत आली; सव्वासहाचं इंजेक्शन तिथंच दिलं. साडेआठला घंटा झाली तेव्हा पोरांना कळेना ती कसली. आठवीतला एक म्हणाला, "मोठी माय, आज सुट्टी लवकर का?" कडूबाई पळी परातीवर आपटून म्हणाली, "सुट्टी नाय, न्याहारी. केळं शेवटी हाय. जो पळंल त्याचं केळं मी खाईन."

तनुजानं सगळ्यांबरोबर रांगेत बसून खाल्लं. ताट पुसून घेतलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी तिनं बोटाला सुई टोचली आणि आकडा रूपाला न दाखवता थेट सरांना दाखवला. एकशे एकतीस. सरांनी लिहिला, सही केली, आणि वेळही टाकली.

कवायत अठरा मिनिटं चालली. रूपा लिंबाखाली उभी होती. चौदा वर्षांत तिनं वॉर्डात खूप काही बघितलं होतं, पण नुसत्या उभ्या राहिलेल्या मुलाकडं असं मिनिटं मोजत कधी बघितलं नव्हतं. तनुजा तिसऱ्या रांगेत होती. हात वर, बाजूला, खाली. घाम आला, तो उन्हाचा. शेवटच्या हुकमानंतर तिनं वळून बघितलं आणि दोन बोटांनी केळ्याची खूण केली.

एकही पोरगं ओढ्याकडं गेलं नाही. हजेरी होती चौऱ्याऐंशी. केळी वाटली चौऱ्याऐंशी.

११ ऑक्टोबरलाही ती पडली नाही. पुढं सुट्टी लागली. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी कारभारी सरांनी कुणालाही न विचारता साडेआठची घंटा दिली, आणि कवायतीच्या वेळी मैदानावर येऊन म्हणाले, "हुकूम कोण देणार?" पोरं तनुजाकडं बघायला लागली. ती पुढं आली. तिचा आवाज दुसऱ्या हुकमाला फुटला, तिसऱ्याला मोकळा झाला. त्या दिवशी पाचवा हुकूम पुरा झाला आणि त्यापुढचेही सगळे झाले. मग सर खोलीत गेले, सप्टेंबरच्या पत्राची फाईल उघडली आणि त्यावर आडवं लिहिलं: 'रद्द.' खाली सही, शिक्का.

कडूबाईनं त्या पत्राची झेरॉक्स मागितली. "कशाला?" सरांनी विचारलं. "भिंतीला लावते. कॅलेंडरशेजारी."

*

मॅडमनी सप्टेंबरअखेरच बाकीच्या शाळांना पत्रं पाठवली होती. बत्तीसपैकी पंचवीस मुलांच्या शाळांनी होकार दिला. काहींनी खिचडी आधी दिली, काहींनी नुसता डबा खाऊ दिला. सात मुलांच्या शाळांनी नकार दिला. शिस्त मोडते, असं त्यांचं म्हणणं. प्रबंध मुदतीत, २८ नोव्हेंबरला सादर झाला. नाव होतं, 'सकाळच्या शाळेचा दिवस आणि मधुमेही मुलांची साखर'. नोंदी मात्र डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालू राहिल्या. सकाळच्या शाळेचे आठ दिवस, पंचवीस मुलं: साखर उतरल्याच्या नोंदी तीन, पडलेलं मूल एकही नाही. नकार देणाऱ्या सात मुलांच्या त्याच आठ दिवसांत तेरा नोंदी. दोन मुलं पडली.

हे आकडे रूपानं १९ डिसेंबरला रुग्णालयाच्या सभागृहात मांडले. पहिल्या रांगेत डॉक्टर, मागं नर्सिंगच्या विद्यार्थिनी, आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, नव्या लुगड्यात, कडूबाई. पडद्यावर पहिलं चित्र तक्त्याचं नव्हतं. पेन्सिलीच्या फुल्या असलेल्या कॅलेंडरच्या पानाचं होतं.

"हे या अभ्यासातलं पहिलं निरीक्षण," रूपा म्हणाली. "ते मी केलेलं नाही. कडूबाईंनी केलं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं."

सगळं संपल्यावर बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, मातांच्या ज्ञानाबद्दल मूळ प्रबंध होता, त्याचा निष्कर्ष काय? रूपा उत्तर द्यायच्या आत मीनाक्षी मॅडम उभ्या राहिल्या.

"मातांचं ज्ञान चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "आमचं वाढलं."

टाळ्या आधी मागच्या विद्यार्थिनींनी सुरू केल्या. मग डॉक्टर मंदार उभे राहिले, आणि मग बाकीची पहिली रांग. कडूबाईनं शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "कुणासाठी वाजवतात?" मुलगी म्हणाली, "तुमच्यासाठी, मावशी." कडूबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि स्वतःही टाळ्या वाजवायला लागली.

जाताना तिनं रूपाच्या हातात एक गुंडाळी दिली. "घ्या तुमचं. वर्ष संपायला बारा दिवस हायेत, पर तेवढ्यात नवा सिलिंडर काय लावत नाय मी." ते कॅलेंडर होतं. ऑक्टोबरपासूनच्या पानांवर गोल होते, रेघा होत्या. खालची ओळ कोरी होती.

*

२२ डिसेंबरला रूपा आणि मीनाक्षी मॅडमनी शिक्षण विभागाकडं अर्ज दिला. मागण्या दोनच होत्या: सकाळच्या शाळेच्या दिवशी पोषण आहार पहिल्या दीड तासात द्यावा, आणि मधुमेही मुलांना तास चालू असतानाही खायची मुभा असावी. सोबत बावीस पानांचा अहवाल आणि मुख्याध्यापक कारभारी यांचं एक पत्र. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की खिचडीची वेळ बदलल्यापासून शनिवारची हजेरी सरासरी सहानं वाढली आहे, आणि केळी कमी पडतात.

२६ जानेवारीला वाडीच्या शाळेत झेंडावंदनानंतरच्या कवायतीचे हुकूम तनुजानं दिले. बिडकीनहून मोतीराम आणि तिची आई आले होते. आईनं सगळा वेळ तिच्या पायांकडंच बघितलं.

शनिवार, ३१ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. वहीतली नोंद: साखर १३८, सही कारभारी. नकार देणाऱ्या सातपैकी चार मुलांच्या शाळा दरम्यान राजी झाल्या आहेत. तीन मुलांच्या नाहीत. त्यांतल्या एकाची साखर त्याच सकाळी दहाच्या सुमारास उतरल्याचा फोन रूपाला आला. तो दप्तरातली गोळी खाऊन सावरला.

अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. रूपानं तीनदा चौकशी केली. फाईल विचाराधीन आहे, असं शुक्रवारी संध्याकाळी सांगण्यात आलं. उत्तर अजून आलेलं नाही.